लय कुणी वाढवली?

रविवार, २९ जून

डायरी लिहिणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. आपलंच म्हणणं आपल्यालाच सांगायचं आणि वर आपणच मान डोलवायची! पण गेल्या महिन्यात प्राध्यापकीतून निवृत्त झालो आणि लक्षात आलं, हजेरीच्या धाकाने बसून ऐकणारं आता कुणी उरलेलं नाही. हेमा ऐकते, पण तेव्हा तिच्या हातात बहुतेक मेथीची जुडी असते.

आज श्याम आला होता. शाळेपासूनचा मित्र. पेठेत चष्म्यांचं दुकान आणि दुकानापेक्षा जास्त जीव ढोल-ताशा पथकात. पथक त्यानेच उभं केलं, प्रमुखही तोच. म्हणाला, "अवधूत, सगळे आपोआप एका तालात कसे येतात त्याचं गणित तू जन्मभर केलंस ना? मग आमचे लोक तालातून पळतात का, तेवढं सांग."

पळतात म्हणजे खरंच पळतात. वादन संथ सुरू होतं आणि बघता बघता सगळं पथक जिवाच्या आकांताने बडवायला लागतं. गेल्या वर्षी विसर्जनाला ऐन चौकात ढोलवाल्यांचे हात चालेनासे झाले, वादन फुटलं, लोक हसले. श्यामच्या मते कारण एकच, बजरंग. ताशाच्या ओळीत मधोमध उभा राहणारा जुना वादक. "तो पळवतो रे. सगळ्यांना माहीत आहे."

'सगळ्यांना माहीत आहे' म्हटलं की माझे कान टवकारतात. माझा उभ्या जन्माचा विषय एवढाच: पुष्कळ घटक एकत्र आले की समूहात अशी एखादी गोष्ट निपजते, जी एकेकट्या कुणातच नसते. पाण्याच्या एका रेणूला ओलेपणा नसतो, पाण्याला असतो. एका मुंगीला वारूळ ठाऊक नसतं, तरी वारूळ होतं. याला मी 'उद्भव' म्हणतो. विभागातले सहकारी याला 'अवधूतचं अध्यात्म' म्हणायचे. निरोप समारंभातही म्हणाले, आणि हसून वर मलाच पेढा भरवला. तो पेढा अजून घशात आहे.

श्यामला म्हणालो, "लय कुणी पळवत नसणार. ती पळते. मी सिद्ध करून देतो." ऑक्टोबरात व्याख्यानमालेत माझं भाषण ठरलंय. एका तालात लुकलुकणाऱ्या काजव्यांची उदाहरणं देऊन मला वीट आलाय, आणि पुणेकरांना काजवे दिसतात कुठे! पुण्याचं उदाहरण हवं होतं. ते आपण होऊन दारात आलं.

रविवार, ६ जुलै

नदीपात्रात सरावाला गेलो. प्रत्येक ताशाला आणि काही ढोलांना चिमुकले माइक लावले. वादन सुरू झालं आणि छातीचा पिंजरा आतून कुणी ठोठावतंय असं झालं. आयुष्यभर हे कागदावर केलं. अंगावर घेतलं नव्हतं. आवाजाने माणूस मूर्ख होतो हे खरं, पण त्या मूर्खपणात सुख आहे, हेही नमूद करतो.

बजरंगना भेटलो. कात्रजच्या पलीकडचं त्यांचं गाव आता शहरात आलंय. जमिनीचे प्लॉट झाले, यांचं वाळू-विटांचं दुकान झालं. हातात सोन्याचं जाड कडं, मोठी जीप, आवाज तिच्या हॉर्नसारखा. नम्रता वगैरे भानगड नाही. मी माइक लावत होतो तर म्हणाले, "सर, मशीन सगळ्यांला हाय का माझ्या एकट्याला?"

"सगळ्यांना."

"मग लावा. माझ्याला दोन लावा." आणि मोठ्याने हसले. माझ्या वर्गात हा माणूस असता तर पहिल्याच आठवड्यात बाहेर उभा केला असता.

घरी येऊन आलेख काढला. वेग चढत जाणारी स्वच्छ रेघ. इतकी देखणी, की हेमाला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. गॅसवर दूध आहे."

मंगळवार, ८ जुलै

उत्तर मिळालं! इतकं साधं, की राग आला.

ढोलवाल्याचा ठोका मागे पडला तर त्याला लाज वाटते, तो धावून गाठतो. पण ठोका पुढे गेला तर तो थांबत नाही. त्याला वाटतं, बाकीचेच ढिले आहेत. मागे पडायची भीती आहे, पुढे जायची नाही. एवढ्याशा फरकाने सगळं पथक दर ठोक्याला केसभर पुढे सरकतं. कुणालाही विचारा, तो प्रामाणिकपणे सांगेल, मी वेग वाढवला नाही. आणि ते खरं असेल. तरी वेग वाढलेला असेल.

आणि एकदा वाढला की त्या वेगात उभ्या माणसाला हळू वाजवताच येत नाही. म्हणजे समूह ही नुसती माणसांची बेरीज नव्हे. तो उलट माणसांना ढकलतो. तत्त्वज्ञानवाले यावर भांडत बसलेत: संपूर्णाला स्वतःचं बळ असतं की ती फक्त आपली बोलायची सोय? मी म्हणतो, बळ असतं. त्यांनी नदीपात्रात येऊन उभं राहावं.

जेवताना हेमाला सांगितलं.

"म्हणजे यात कुणाचाच दोष नाही?"

"कुणाचाच नाही."

"सोयीचं आहे," ती म्हणाली. "आमटी वाढू?"

रविवार, १३ जुलै

श्यामला उत्तर पटलं नाही. त्याच्या समितीलाही नाही. त्यांना नाव हवं. 'कुणीच नाही' हे उत्तर ऐकल्यावर त्यांची तोंडं अशी झाली, की जणू मी त्यांना जेवायला बोलावून रिकामं ताट वाढलं.

मग रीतसर प्रयोगच करू म्हटलं. बजरंगमुळे वेग वाढतो असं म्हणणं असेल, तर बजरंगशिवाय वाजवून बघा. तरी वाढला, तर हा माणूस निर्दोष. शास्त्रात दुसरा मार्ग नाही. कुणाला निर्दोष ठरवायचं तर आधी त्याला बाजूला काढून बघावंच लागतं.

श्याम इतक्या पटकन 'हो' म्हणाला, की मलाच नवल वाटलं. एरवी पथकाच्या फेट्याचा रंग ठरवायला हा माणूस महिना घेतो. म्हणाला, "तोवर विक्रमला उभा करतो मधे." विक्रम त्याचा भाचा. चुणचुणीत मुलगा, हात चांगला आहे.

बजरंगना सांगायचं काम माझ्याकडे आलं. श्यामच म्हणाला, तुझं ऐकतील. ऐकलं. कडं मनगटावर फिरवायला लागले.

"म्हंजे मी वाजवायचं न्हाई."

"काही रविवारच. तुमच्यावरचा आळ कायमचा जाईल."

"आळ हाय हे मला ठावं नव्हतं, सर."

ही पंचाईत झाली. मला वाटलं होतं, सगळ्यांना माहीत आहे म्हणजे त्यांनाही असणार.

"विसर्जनाला मातुर पाहिजे बगा मी," ते म्हणाले. "आमची म्हातारी वर्षातनं एकदाच गावाभाईर पडती. चौकात खुर्ची टाकून बसती. तिला देवाचं काय न्हाई, मला बघाया येती."

मी म्हणालो, शब्द देतो. मग म्हणाले, "तुमी म्हणताय म्हणून." आणि ताशा गळ्यातून काढून विक्रमच्या हातात दिला. स्वतःचा ताशा. असा देतात की नाही, मला माहीत नाही. आजूबाजूचं बोलणं मात्र थांबलं होतं.

रविवार, २० जुलै

बजरंगशिवाय पहिला सराव. वेग चढला! तोच चढ, तीच रेघ. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर फरक सांगता येत नाही. मी नदीपात्रात एकटाच टाळ्या वाजवत होतो. तनुजा, ध्वजपथकाची प्रमुख, आयटीत नोकरी करणारी मुलगी, जवळ येऊन म्हणाली, "सर, एवढे खूश का? आज वादनाची टोटल वाट लागली."

म्हणूनच खूश, बाई.

सोमवार, २१ जुलै

दिवसभर आलेखच बघत होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा दाढी वेळेवर केली.

रविवार, २७ जुलै

धरणातून पाणी सोडलंय, नदीपात्र बंद. सराव कुठे करायचा यावरून पथकाच्या व्हॉट्सॅप गटावर दोन दिवस काथ्याकूट. शेवटी जागा मिळाली: कात्रजच्या पुढे, बजरंगचा मोकळा प्लॉट. त्यांनी आपण होऊन दिला. वर पत्र्याची शेड टाकली, सगळ्यांना चहा आणि वडापाव.

ते स्वतः वाजवत नव्हते. प्रयोगाची अट. ती त्यांनी काटेकोर पाळली, माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी इतकी पाळली नाही. जीपला टेकून उभे होते, बोटं बॉनेटवर ठेका धरून होती. सवयीने तिथेही एक माइक ठेवला. घरी येऊन पाहिलं तर गंमत: पथक पुढे पळत होतं आणि बजरंगची बोटं मूळच्या लयीत मागे राहिली होती. एकटा माणूस पळत नाही. समूहात मिसळला की पळतो. माझ्या म्हणण्याला याहून सुंदर पुरावा नाही. भाषणात घेणार.

निघताना त्यांनी विचारलं, "सर, लागलं का काय?" म्हणालो, अजून एक रविवार. दोनच निरीक्षणांवर निष्कर्ष काढणं बेजबाबदारपणाचं असतं. ते म्हणाले, "काढा, काढा. सावकाश काढा." आणि रिकामे कप गोळा करायला गेले.

रविवार, ३ ऑगस्ट

निष्कर्ष पक्का. बजरंग निर्दोष. श्यामच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक असतानाच सांगितलं.

"वा, वा," तो म्हणाला. कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत होता. "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं? तूच तर म्हणत होतास..."

"अरे, मी म्हणजे, लोक म्हणत होते. बरं झालं, खरं काय ते कळलं."

"मग पुढच्या रविवारी त्यांना ताशाला उभं कर."

श्यामने चष्मा काढला, पुसला, परत बसवला. "आता कसं आहे, विक्रमचा हात बसलाय. ओळीला त्याची सवय झालीये. मधेच बदललं तर पोरं बिथरतील. माझी स्वतःची काही हरकत नाही बघ. पण बाकीच्यांना..."

बाकीच्यांना विचारायचं ठरवलं. आठवडाभर एकेकाला गाठतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

विलक्षण! जवळजवळ सगळ्यांशी बोललो. प्रत्येक जण म्हणतो, बजरंगदादा परत आले तर मला आनंदच आहे, पण बाकीच्यांना चालणार नाही. 'बाकीचे' कोण, म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर तेही तेच म्हणतात. खुद्द विक्रम म्हणाला, "सर, मी तर उद्या बाजूला होतो. पण मामाला वाटेल मी घाबरलो."

म्हणजे बजरंगना कुणीच काढलेलं नाही, आणि तरी ते बाहेर आहेत. एकाही माणसाच्या डोक्यात नसलेला निकाल समूहाच्या डोक्यात आहे! लयीचं झालं तेच माणसांचं झालं. मागे पडायची भीती. मी हे शोधायला गेलोही नव्हतो, पदरात पडलं. भाषणाचा दुसरा भाग आपोआप तयार झाला.

हेमाला उत्साहाने सांगितलं. तिने कणीक मळता मळता ऐकलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"कुणाला?"

"सगळ्यांना. एकमेकांचं म्हणणं तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही ना?"

बायकांना निरीक्षण आणि लुडबूड यातला फरक शिकवणं अवघड आहे. मी तिला समजावलं. तिने कणकेवर मूठ जरा जोरात आपटली, इतकंच.

रविवार, १० ऑगस्ट

पथकाची बैठक. श्यामने मला निष्कर्ष सांगायला उभं केलं. छान बोललो, असं माझं मत आहे. मुंग्या, लय, मागे पडायची भीती, सगळं. पोरं कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणालो, दोष कुणाचाच नाही.

बजरंग मागच्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. वाट बघत होते, हे मला तिथून दिसत होतं.

तनुजाने हात वर केला. "सर, सो... बजरंगदादा परत येतायत ना? म्हणजे तुम्हीच प्रूव्ह केलंत. तुम्ही काय म्हणता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. श्यामही. त्याच्या डोळ्यांत काय होतं सांगता येत नाही. नको म्हणत होता की सुटका मागत होता. मला एक शब्द बोलायचा होता. 'येऊ द्या.' बस्स. तोंडात आला होता.

पण मी म्हणालो, "मी निरीक्षक आहे. मी सांगितलं तर तो माझा निर्णय होईल, समूहाचा नाही. समूहाने ठरवावं."

मग कुणीतरी कुडत्याचा रंग काढला. केशरी की पांढरा, यावर पोटतिडकीने चर्चा झाली. पांढरा ठरला. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस मधेच कधी उठून गेला, मला कळलं नाही.

का बोललो नाही? प्रामाणिकपणे लिहायला बसलोय तर लिहावं. ऑक्टोबरचं भाषण डोळ्यांपुढे होतं. मी बोललो असतो तर उदाहरण बिघडलं असतं. शिवाय त्या खोलीत मीही एक घटक होतोच. संपूर्णाने सगळ्यांना ढकललं तसं मलाही ढकललं. हे स्पष्टीकरण नीट बसतं. तरी जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

बजरंग घरी आले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. हेमाने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला.

"सर, तुमचा निकाल लागला न्हवं?"

"लागला. तुम्ही निर्दोष आहात. शंभर टक्के."

"मग मी हुबा कुठं ऱ्हाऊ?"

मी सांगितलं की तुम्हाला कुणीच काढलेलं नाही, प्रत्येकाच्या मनात तुमच्याबद्दल आदर आहे, माझ्याकडे तशा नोंदी आहेत. आळ गेला, हे काय कमी झालं?

"आळ हुता तवा मी वाजवत हुतो, सर," ते म्हणाले. "आता आळ न्हाई आन् वाजवतबी न्हाई. आळच बरा हुता की."

मी म्हणालो, भांडा ना मग. श्यामशी भांडा.

"भांडलो असतो. म्या भांडाया कुनाला भितोय व्हय! पर तो म्हणतो माझी हरकत न्हाई. इक्रम म्हणतो माझी न्हाई. ज्याच्या गचांडीला हात घालावा तो दादा दादा करून पाया पडतो. एक माणूस 'चल नीघ' म्हणाला असता तर त्याचं थोबाड फोडून मोकळा झालो असतो. कुनीच न्हाई म्हणता, मग मी रागवू कुनावर?"

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, असं मी म्हणालो. आता लिहिताना वाटतं, म्हणायला नको होतं.

ते गेल्यावर हेमाने बशी उचलली. "शब्द दिला होतात ना त्यांना?"

"मी माझा शब्द दिला होता. पथकाचा मी कसा देणार?"

"अहो, तेवढाच मागितला होता त्यांनी," ती म्हणाली, आणि दिवसभर माझ्याशी मोजकं बोलली.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. हेमाने मोदक केले, वाढले, पण 'अजून एक घ्या' म्हणाली नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन. दुपार कलल्यावर आमच्या पथकाचा नंबर लागला. मी माइक, यंत्रं घेऊन बाजूने चालत होतो. वादन अप्रतिम झालं, खोटं कशाला बोलू. वेग वाढलाच, आलेख सांगतोय. पण यंदा फुटलं नाही, विक्रमने निभावून नेलं. गर्दी वेडी झाली. चालता चालता माझेही पाय ठेक्यात पडायला लागले, आणि मी ते थांबवले नाहीत. निरीक्षकाने असं करायचं नसतं.

चौकात एका दुकानाच्या पायरीवर प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यात हिरव्या लुगड्यातली म्हातारी. मुक्ताबाई, बजरंगची आई. कान जवळजवळ गेलेत, पण त्यांना ताशा छातीत ऐकू येतो, असं बजरंग म्हणाले होते. बजरंग खुर्चीमागे उभे होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर.

ताशाची ओळ पुढून जात होती. म्हातारी एकेकाचं तोंड निरखत होती. मधला, त्याच्या शेजारचा, मग टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. आपला मुलगा पाठीमागे उभा आहे हे विसरूनच गेल्या असाव्यात. ओळ पुढे निघून गेली तरी त्या वाकून वाकून बघत होत्या. मग वळून त्यांनी बजरंगना काहीतरी विचारलं. बजरंग खाली वाकले आणि त्यांच्या कानात बोलले. काय बोलले, ते माझ्या एकाही माइकने टिपलं नाही.

माझी त्यांची नजरानजर झाली. मी हात वर केला. त्यांनी केला नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे भाषणात येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

बुधवार, २४ सप्टेंबर

उपाय सुचला! भाषणाच्या शेवटी बजरंगचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, आणि सगळ्या पुण्यासमोर सांगायचं की हा माणूस निर्दोष आहे, गणिताने सिद्ध झालंय. आयोजकांना कल्पना आवडली. श्याम तर म्हणाला, शाल माझ्याकडून.

हेमाला सांगितलं. "घ्यायला येतील ते?" म्हणाली.

फोन केला. पलीकडे बराच वेळ ट्रक रिकामा होत असल्याचा आवाज. मग म्हणाले, "आईला आणलं तर चालंल का?"

म्हणालो, पहिल्या रांगेत बसवतो.

रविवार, ५ ऑक्टोबर

सभागृह भरलं होतं. विभागातले ते पेढेवालेही आले होते. आयुष्यात इतकं चांगलं बोललो नव्हतो. लयीचा आलेख दाखवला, बॉनेटवरची बोटं ऐकवली, मग कुणाच्याही डोक्यात नसलेल्या निकालाची गोष्ट सांगितली. लोक कधी हसले, कधी चुकचुकले. शेवटी म्हणालो, "आपण सतत विचारतो, हे कुणी केलं? माझं गणित सांगतं, काही गोष्टी कुणीच करत नाही. त्या होतात."

मग बजरंगना मंचावर बोलावलं. तोच पांढरा सदरा. अध्यक्षांनी शाल घातली, मी नारळ दिला. निवेदिका म्हणाली, दोन शब्द बोला.

त्यांनी माइक हातात घेतला. एरवीचा तो हॉर्नसारखा आवाज कुठे गेला होता, कोण जाणे.

"सर लई हुशार माणूस हाय. सरांनी सांगितलं, कुनीच केलं न्हाई. मी अडाणी न्हाई, मला समजलं ते. पर सत्कार ज्यानं काम केलं त्याचा करत्यात." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी मोडली आणि माझ्या अंगावर घातली. दोन्ही टोकं पुढून नीट जुळवली. नारळही परत माझ्याच हातात दिला.

लोकांना तो मोठेपणा वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग, मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो तसंच, विस्कळीत टाळ्या हळूहळू जुळत गेल्या आणि सगळं सभागृह एका ठोक्यात टाळ्या वाजवायला लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. श्याम उभा राहून वाजवत होता. पेढेवाले वाजवत होते. याहून मोठी दाद माझ्या सिद्धान्ताला मिळणार नाही. मी शाल पांघरून, नारळ धरून उभा होतो, आणि मला कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

टाळ्या थांबल्या. नेमक्या त्याच शांततेत पहिल्या रांगेतून मुक्ताबाईंचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, खच्चून.

"बजरंगा, ह्येनीच काढलं व्हय रं तुला?"

बजरंग मंचाच्या पायऱ्या उतरत होते. थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं, आणि तिला ऐकू जावं म्हणून तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "व्हय आई. ह्येनीच."

श्याम माझ्याकडे बघत होता, विक्रम बघत होता, तनुजा बघत होती. तिसऱ्या रांगेतून हेमा बघत होती. 'असं नाही, आजी' म्हणायला एकही माणूस उठला नाही. माइक माझ्या समोरच होता, चालू होता. मीही काही बोललो नाही.